चिनी पैसा घर का सोडतो?

ऑगस्ट २०१७ मध्ये चीनच्या स्टेट कौन्सिलने, म्हणजे तिथल्या मंत्रिमंडळाने, आपल्याच देशातल्या कंपन्यांसाठी एक फर्मान काढलं. परदेशात हॉटेलं, इमारती, चित्रपटगृहं, करमणुकीचे धंदे आणि फुटबॉल क्लब विकत घेण्यावर त्यात निर्बंध घातले होते. जुगाराच्या धंद्यात पैसा घालायला तर साफ बंदी होती. तेल, खनिजं, शेती, तंत्रज्ञान आणि ‘बेल्ट अँड रोड’ या चीनच्या परदेशांतल्या रस्ते-बंदरांच्या योजनेच्या वाटेवरचे प्रकल्प यांना मात्र प्रोत्साहन होतं. आपल्याकडे चिनी गुंतवणुकीचा विषय निघाला की बीजिंगमध्ये बसलेला एक सूत्रधार आणि त्याच्या बोटांवर नाचणाऱ्या हजारो कंपन्या असं चित्र रंगवलं जातं. ते चित्र खरं असेल, तर सूत्रधारावर स्वतःच्याच बाहुल्यांना आवरायची वेळ का यावी?

त्याआधीच्या तीन वर्षांत काय घडलं ते पाहायला हवं. अनबांग नावाच्या विमा कंपनीने न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेल १९५ कोटी डॉलरना घेतलं. अमेरिकेतली एएमसी ही चित्रपटगृहांची साखळी आधीच घेऊन बसलेल्या वांडा या चिनी उद्योगसमूहाने २०१६ मध्ये हॉलिवूडमधला लेजेंडरी स्टुडिओ ३५० कोटी डॉलरना घेतला. त्याच वर्षी नानजिंगमधल्या सुनिंग या टीव्ही-फ्रिज विकणाऱ्या कंपनीने इंटर मिलान हा फुटबॉल क्लब ताब्यात घेतला. मूळची विमान कंपनी असलेल्या एचएनएने हिल्टनचा पाव हिस्सा घेतला आणि पाठोपाठ डॉयचे बँकेत जवळपास दहा टक्क्यांपर्यंत मजल मारली. २०१६ मध्ये चीनमधून बाहेर गेलेली थेट गुंतवणूक १९,६०० कोटी डॉलरवर पोचली, तो उच्चांक होता.

यामागे कोणती राष्ट्रीय योजना होती? मला तरी दिसत नाही. मला दिसते ती भीती. ऑगस्ट २०१५ मध्ये चीनने युआनचं अवमूल्यन केलं आणि तो आणखी घसरणार अशी धास्ती मालकवर्गात पसरली. देशात बँकांकडून युआनमध्ये कर्ज घ्यायचं, ते डॉलरमधल्या मालमत्तेत गुंतवायचं, म्हणजे संपत्ती चिनी चलनाच्या आणि चिनी सरकारच्याही हाताबाहेर जाते, असा तो हिशोब होता. देशाची परकीय चलनाची गंगाजळी जून २०१४ मध्ये ४ लाख कोटी डॉलरच्या घरात होती, ती जानेवारी २०१७ मध्ये ३ लाख कोटींच्या किंचित खाली आली. यातला मोठा भाग मध्यवर्ती बँकेने युआन सावरण्यासाठी खर्च केला होता हे खरं, पण कंपन्यांची ही पळापळ त्या गळतीत भरच घालत होती. सरकार घाबरलं आणि फर्मान निघालं. पुढे अनबांग सरकारने ताब्यात घेतली आणि तिचे प्रमुख वू शाओहुई यांना फसवणूक आणि अपहाराच्या आरोपांखाली अठरा वर्षांची शिक्षा झाली. एचएनए २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. सुनिंगच्या हातून इंटर मिलान २०२४ मध्ये कर्जापायी सुटलं.

माझं म्हणणं हे की चिनी कंपन्या बाहेर पडतात त्या बहुतांशी घरच्या दाबामुळे. कधी तो दाब कच्च्या मालाच्या टंचाईचा असतो, कधी गळेकापू स्पर्धेचा, कधी परदेशी आयातशुल्काचा, तर कधी खुद्द आपल्याच सरकारच्या धाकाचा. सरकार या प्रवाहाला वळण देतं, बांध घालतं, त्याचा वापर करून घेतं. पण प्रवाह उगम पावतो तो कंपनीच्या अडचणीतून. आणि ज्या देशाने समोर आलेल्या कंपनीची अडचण नेमकी ओळखली, त्याच्या पदरात अधिक पडलं. आपण भारतात आणि महाराष्ट्रात ही ओळख करून घ्यायचा कंटाळा करतो, हे मला गंभीर वाटतं.

सुरुवात लोखंडापासून करू. १९९२ मध्ये बीजिंगच्या शौगांग या सरकारी पोलाद कंपनीने पेरूमधली मार्कोना इथली लोहखाण सुमारे १२ कोटी डॉलरना विकत घेतली. ‘बाहेर पडा’ हे अधिकृत धोरण म्हणून जाहीर व्हायला अजून सात-आठ वर्षं होती. पण चीनमध्ये खनिज निकृष्ट आणि पोलादाची भूक वाढती, ही अडचण तेव्हाही होती. पुढच्या वीस वर्षांत ती इतकी वाढली की आज समुद्रमार्गे विकल्या जाणाऱ्या लोहखनिजापैकी दोन तृतीयांशांहून अधिक माल एकटा चीन घेतो.

गोव्याला ही भूक जवळून ठाऊक आहे. गोव्याचं कमी प्रतीचं खनिज घ्यायला जपानी आणि युरोपीय गिऱ्हाईक नाक मुरडत असे, ते चीनने उचललं. २००३-०४ नंतर डिचोली, साखळी, कुडचडेच्या रस्त्यांवरून ट्रकांची रांग संपेना. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांच्या घरात खनिज बाहेर गेलं. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामामुळे सगळं बंद पडलं, तेव्हा ट्रक विकत घेण्यासाठी काढलेली कर्जं गावागावांत तशीच राहिली. चीनने गोव्यात खाण विकत घेतली नाही, फक्त माल घेतला. मग पेरूत आणि आफ्रिकेत खाणच विकत घ्यायचा अट्टाहास कशासाठी?

त्याचं उत्तर भावाच्या झळीत आहे. जगातलं उत्तम लोहखनिज ब्राझीलची वाले, रिओ टिंटो आणि बीएचपी या तीन कंपन्यांच्या हातात एकवटलेलं. चिनी पोलाद कारखाने शेकडो, त्यांच्यात एकी नाही, आणि भाव ठरवण्यात त्यांना आवाज नाही. २००८ मध्ये बीएचपी रिओ टिंटोला ताब्यात घ्यायच्या बेतात होती. तसं झालं असतं तर चीनची मान कायमची त्यांच्या हातात गेली असती. तेव्हा चायनाल्को या चिनी ॲल्युमिनियम कंपनीने अमेरिकेच्या अल्कोआला सोबत घेऊन रिओ टिंटोचा नऊ टक्के हिस्सा उचलला. इथे कंपनीचं हित आणि देशाचं हित जुळून आलं होतं आणि पैसा सरकारी बँकांचाच होता. तेलाचीही तीच गोष्ट. १९९३ पासून चीन तेलाचा निव्वळ आयातदार झाला. २००५ मध्ये सीएनओओसी या चीनच्या सरकारी तेल कंपनीने अमेरिकेच्या युनोकॅल या तेल कंपनीसाठी १,८५० कोटी डॉलरची बोली लावली, अमेरिकी काँग्रेसमध्ये गदारोळ झाला आणि बोली मागे घ्यावी लागली. खुल्या बाजारातून हवं तेव्हा विकत घेता येईल यावरचा चिनी विश्वास त्या उन्हाळ्यात आणखी डळमळला.

सरकारी कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्यांच्या प्रमुखांची नेमणूक, बढती, बदली पक्ष करतो. परदेशातली खाण मिळवली तर श्रेय ताबडतोब मिळतं. ती तोट्यात गेली तर तोवर दुसरा माणूस खुर्चीत आलेला असतो. कर्ज सरकारी बँकेचं, तेही स्वस्त. अशा व्यवस्थेत धोका पत्करायची तयारी खासगी मालकापेक्षा जास्त असते, आणि त्याचे चटके यजमान देशाला बसतात तसे फायदेही होतात. झांबियातली चंबिशीची तांब्याची खाण चीनच्या सरकारी कंपनीने १९९८ मध्ये घेतली. एप्रिल २००५ मध्ये खाणीच्या आवारातल्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक स्थानिक कामगार मेले. वेतन कमी, सुरक्षेची हेळसांड, याचा राग तिथल्या निवडणुकीत उतरला आणि मायकेल साटा या नेत्याने त्यावर आपलं राजकारण उभं केलं. पण २००८ मध्ये तांब्याचे भाव कोसळले तेव्हा इतर परदेशी मालकांनी कामगार कपात केली, लुआन्शाची खाण तिच्या मालकांनी सोडून दिली. चिनी कंपनीने कपात केली नाही, उलट लुआन्शा ताब्यात घेतली. तिला दर तिमाहीला भागधारकांना नफा दाखवायचा नव्हता, तांबं हवं होतं. त्याच साटांनी २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्यावर चिनी कंपन्यांना हाकललं नाही, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

खासगी कंपन्यांची प्रेरणा निराळी. झेजियांग प्रांतातले ली शुफू फ्रिजचे भाग आणि मोटारसायकली बनवता बनवता मोटारींकडे वळले. त्यांची गीली मोटार स्वस्त होती, पण तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. सुरक्षित गाडी म्हणून नाव कमवायला पन्नास वर्षं लागतात, आणि त्यांना तेवढा वेळ नव्हता. फोर्डने १९९९ मध्ये ६४५ कोटी डॉलर मोजून घेतलेली व्होल्वो २००८ च्या मंदीनंतर विकायला निघाली आणि २०१० मध्ये गीलीने ती १८० कोटींना ठरवली. ली शुफूंनी मुख्यालय गोथेनबर्गला राहू दिलं, संशोधनावर खर्च वाढवला. या खरेदीसाठी पैसा कुठून आला हेही बोलकं आहे. डाचिंग शहराच्या आणि शांघायच्या जिआडिंग जिल्ह्याच्या सरकारी संस्थांनी तो दिला, कारण त्यांना आपल्याकडे व्होल्वोचा कारखाना किंवा मुख्यालय हवं होतं. म्हणजे ‘चिनी सरकार’ म्हणतो तेही एकसंध नसतं. तिथल्या नगरपालिका आणि जिल्हे कारखाने ओढून आणण्यासाठी एकमेकांशी जिवाच्या करारावर झगडतात.

मिडिया कंपनीने २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गची कुका ही रोबो बनवणारी कंपनी सुमारे ४५० कोटी युरोंना घेतली, तेव्हा मात्र युरोप हादरला. तिथे शंका घ्यायला जागा होती. वॉशिंग मशीन आणि एसी बनवणाऱ्या मिडियाला रोबो हवे होते, कारण दक्षिण चीनमधली मजुरी झपाट्याने वाढत होती. पण ‘मेड इन चायना २०२५’ या सरकारी योजनेतही रोबोंचं नाव ठळक होतं. कंपनीची गरज कुठे संपते आणि राज्याची महत्त्वाकांक्षा कुठे सुरू होते हे अशा ठिकाणी वेगळं काढता येत नाही. पुढच्याच वर्षी जर्मनीने परकीय खरेदीचे नियम कडक केले, ते योग्यच केलं.

आज सर्वांत मोठा रेटा आहे तो कारखान्यांच्या भाऊगर्दीचा. सौर पॅनेल, बॅटऱ्या, विजेच्या मोटारी या प्रत्येक धंद्यात चीनमध्ये देशाच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता उभी आहे. प्रत्येक प्रांताला आपली मोटार कंपनी हवी, म्हणून तोट्यातला कारखानाही मरू दिला जात नाही. भावयुद्ध इतकं टोकाचं की विक्री वाढते आणि नफा उरत नाही. बाहेर माल पाठवावा तर आयातशुल्काची भिंत. अमेरिकेने २०१२ मध्ये चिनी सौर पॅनेलवर शुल्क लावलं, तसे कारखाने मलेशिया, व्हिएतनाम, थायलंडमध्ये उभे राहिले. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२४ मध्ये चिनी विद्युत मोटारींवर नेहमीच्या १० टक्क्यांवर जादा शुल्क बसवलं, बीवायडीला १७ टक्के आणि शांघायच्या एसएआयसीला ३५.३ टक्के. बीवायडी त्याआधीच हंगेरीत सेगेडला कारखाना बांधायला लागली होती. सीएटीएलने तिथेच डेब्रेत्सेनमध्ये ७३० कोटी युरोंचा बॅटरी कारखाना उभारायला घेतला. यात मोठं गूढ काही नाही. भिंतीच्या आत शिरायचा तो रस्ता आहे.

कधी कारण याहूनही साधं असतं. मोटारींच्या काचा बनवणाऱ्या फूयाओने २०१४ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या मोरेनचा जनरल मोटर्सचा बंद कारखाना घेतला. काच जड आणि नाजूक, जहाजाने नेणं महाग, गिऱ्हाईक मोटार कंपन्यांना पुरवठादार जवळ हवा, आणि तिथे वीज आणि गॅस स्वस्त. मालक त्साओ दवांग यांनी चीनमधल्या करांच्या ओझ्याबद्दल उघडपणे बोलून खळबळही उडवून दिली होती. पुण्याजवळ रांजणगावला हायर २००७ पासून फ्रिज बनवते, त्यामागेही हाच हिशोब आहे. फ्रिजमध्ये बहुतेक जागा पोकळ असते आणि पोकळ जागेचं जहाजभाडं कोण भरणार?

जनरल मोटर्सचे बंद कारखाने हा एक वेगळाच धागा आहे. मोरेन फूयाओने घेतला. गुजरातमधला हलोल एसएआयसीने घेऊन तिथे एमजी गाड्या काढल्या. थायलंडमधला रायोंग आणि आपल्या मावळातला तळेगाव हे दोन्ही ग्रेट वॉल मोटर्सला हवे होते. चिनी कंपन्या उशिरा आलेल्या, घरी भावयुद्ध पेटलेलं, जमीन शोधून भिंती बांधायला सवड नाही. म्हणून तयार सांगाडे घ्यायचे. ब्राझीलमध्ये फोर्डने सोडलेल्या कामासारीच्या जागी बीवायडी गेली. तिथे डिसेंबर २०२४ मध्ये बांधकाम कंत्राटदाराने आणलेले १६३ चिनी मजूर गुलामीसारख्या स्थितीत राहत असल्याचं ब्राझीलच्या अधिकाऱ्यांना आढळलं. घाई कुणाच्या जिवावर केली जाते तेही त्यातून कळलं.

ग्रेट वॉलची कथा आपल्या दृष्टीने महत्त्वाची. चीनमधली मोटारविक्री २०१८ मध्ये, नव्वदच्या दशकानंतर प्रथमच, घटली. २०१९ मध्ये आणखी घसरली. जानेवारी २०२० मध्ये बाओदिंगच्या या कंपनीने तळेगावचा कारखाना घ्यायचा करार केला आणि पुढच्याच महिन्यात रायोंगचा. तिला दोन्ही हवे होते, कारण घरची बाजारपेठ आकसत होती. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने तिच्याशी ३,७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान हुतात्मा झाले. करार आठवड्याभरात गोठला, आणि तो गोठणं स्वाभाविक होतं. त्या दिवसांत दुसरं काही करणं कुठल्याही सरकारला शक्य नव्हतं. पण नंतर दोन वर्षं हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर कुणी दिलं नाही. २०२२ मध्ये ग्रेट वॉलने नाद सोडला. दरम्यान तळेगावच्या चौदाशेच्या आसपास कामगारांना कामावरून काढण्यात आलं. कारखान्याच्या विक्रीत जमीन होती, यंत्रं होती, माणसं नव्हती. पुढे ह्युंदाईने ती जागा घेतली. रायोंगमध्ये ग्रेट वॉलच्या गाड्या २०२१ पासून निघू लागल्या होत्या.

आता इंडोनेशियाकडे पाहू, कारण समोरच्याची अडचण ओळखून सौदा कसा करावा याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं नाही. स्टेनलेस स्टील बनवायला निकेल लागतं. चीनचे कारखाने इंडोनेशियाची निकेलमाती जहाजांनी नेत असत, जशी गोव्यातून लोहमाती नेत. २०१४ मध्ये इंडोनेशियाने कच्चं निकेल निर्यात करायला बंदी घातली, मध्ये ती सैल केली आणि २०२० पासून पुन्हा पूर्ण लागू केली. अट एकच: निकेल हवं असेल तर भट्ट्या इथे आणा. वेनझोउची त्सिंगशान कंपनी सुलावेसी बेटावर मोरोवालीला आली. बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि भट्ट्या यांचं एक शहरच तिथे उभं राहिलं. पुढे बॅटरीचं निकेलही तिथे बनू लागलं. आज जगातल्या निम्म्याहून अधिक निकेलचं उत्पादन इंडोनेशियात होतं. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावून तो जिंकला तरी जकार्ता हटलं नाही.

त्याची किंमत जबर आहे. भट्ट्यांची वीज कोळशाची, समुद्र गढूळ, जंगल गेलेलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका भट्टीत स्फोट होऊन २१ कामगार मेले, त्यांत इंडोनेशियन होते तसे चिनीही होते. करसवलती सढळ हाताने दिल्यामुळे नफ्याचा मोठा वाटा परत चीनला जातो. इंडोनेशियाने मालावर हक्क गाजवला, कामगार आणि पर्यावरणाच्या अटींवर मात्र नाही. सौदा अर्धाच पुरा झाला असं माझं मत आहे. पण अर्धा तरी झाला. गोव्यात आपण मातीही दिली आणि भट्टीही आली नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. चीनचा २०१७ चा राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा प्रत्येक संस्थेला आणि नागरिकाला गुप्तचर कामात सहकार्य करायला बांधून घेतो. खासगी कंपन्यांतही पक्षाच्या शाखा असतात. २०२० च्या शरद ऋतूत अलीबाबाचे संस्थापक जॅक मा यांनी वित्तीय नियामकांवर टीका केली आणि काही दिवसांत त्यांच्या अँट या वित्तीय कंपनीची महाकाय समभाग विक्री थांबवली गेली. मालक कितीही धनाढ्य असो, पक्षापुढे त्याचं काही चालत नाही, हे साऱ्या जगाने पाहिलं. मग कंपनीची प्रेरणा व्यापारी आहे म्हणून काय झालं?

हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो जिथे लागू पडतो तिथेच लावावा. ग्रीसचं पिरेयस बंदर पाहा. कर्जसंकटात सापडलेल्या ग्रीसने २०१६ मध्ये बंदराचा ५१ टक्के हिस्सा कॉस्को या चिनी सरकारी जहाज कंपनीला २८ कोटी युरोंना दिला. कॉस्कोला आपल्या जहाजांसाठी भूमध्य समुद्रात हक्काचा तळ हवा होता, आणि तिने तिथली कंटेनरची उलाढाल काही पटींनी वाढवली. प्रेरणा शुद्ध व्यापारी. तरीही जून २०१७ मध्ये चीनच्या मानवी हक्कांवर टीका करणारं युरोपीय संघाचं निवेदन ग्रीसने अडवलं. कॉस्कोने तसं सांगितलं असेलच असं नाही, सांगायची गरजही नसते. हेतू व्यापारी असला तरी परिणाम राजकीय होऊ शकतो. म्हणून बंदरं, दूरसंचाराची जाळी, वीज वितरण, नागरिकांची माहिती साठवणाऱ्या कंपन्या इथे चिनी मालकीला दार बंदच हवं. हेतू काय आहे याची चौकशीही तिथे करत बसू नये.

फ्रिज, काच, मोटारीचे सुटे भाग, बॅटरीची जुळणी हे मात्र या यादीत बसत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये, चीनच्या मध्यवर्ती बँकेचा एचडीएफसीमधला हिस्सा एक टक्क्यावर गेल्याची बातमी आल्यावर, केंद्राने सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या प्रत्येक गुंतवणुकीला सरकारी परवानगीची अट घातली. त्या क्षणी ते शहाणपणाचं होतं. पण फ्रिजचा कारखाना आणि पैशांच्या देवघेवीचं ॲप यांना एकाच चाळणीतून काढणारी व्यवस्था कायमची चालू शकत नाही. दरम्यान घडलं असं की गुंतवणूक थांबली आणि आयात वाढली. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट जवळपास ९,९०० कोटी डॉलर झाली. सुटे भाग तिकडून येतातच, फक्त ते बनवण्याचं काम आणि ज्ञान आपल्याकडे येत नाही. केंद्राच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनेही असाच मुद्दा मांडला होता आणि त्यावर नीट चर्चा व्हायच्या आत तो बाजूला पडला.

दुसऱ्या टोकाला जाऊन ‘रोजगार येतोय ना, मग कुणाचाही पैसा चालेल’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. थायलंडने २०२२ मध्ये विद्युत मोटारींना सवलती दिल्या आणि अट घातली की जितक्या गाड्या आयात कराल तितक्या २०२४ पर्यंत इथे बनवा. अट चांगली होती, बीवायडीने रायोंगला कारखाना काढलाही. पण चीनमधलं भावयुद्धही त्यांच्याबरोबर थायलंडमध्ये उतरलं. २०२४ मध्ये सुझुकी आणि सुबारूने तिथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. जास्तीची क्षमता जिथे जाते तिथे घरचे रोग घेऊन जाते. पुणे-चाकणचा वाहनउद्योग हजारो छोट्या पुरवठादारांवर उभा आहे. चिनी कारखाना आला आणि स्वतःचे पुरवठादारही चीनमधून घेऊन आला, तर भोसरीतल्या वर्कशॉपला त्याचा उपयोग शून्य.

आणि आता परिस्थितीत एक नवी गोष्ट आली आहे. चिनी कंपन्यांना बाहेर पडायचंय, पण चिनी सरकारला तंत्रज्ञान बाहेर जाऊ द्यायचं नाही. दुर्मीळ खनिजांवर प्रक्रिया करायच्या तंत्राच्या निर्यातीवर २०२३ अखेर बंदी आली. जुलै २०२५ मध्ये बॅटरीच्या कॅथोडचं तंत्र नियंत्रित यादीत गेलं. मोटार कंपन्यांनी भारतात गुंतवणूक करू नये असं त्यांना सांगितलं गेल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या होत्या. कंपनीची निकड आणि राज्याची इच्छा यांच्यात इथे फट पडली आहे, आणि घासाघीस करायची जागा तीच आहे. जेएसडब्ल्यूने एमजीमध्ये ३५ टक्के हिस्सा घेतला तो एसएआयसीला भारतात पुढे पैसा आणणं अवघड झालं म्हणून. अडचणीतल्या मालकाने हिस्सा सोडला. असे सौदे एकेका उद्योगपतीच्या चातुर्यावर सोडून न देता सरकारने ठरवून करायला हवेत.

म्हणजे काय करायचं? उद्योग खात्याने चिनी कंपनीचा अर्ज आल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हा: ही कंपनी घर का सोडते आहे? तिची मायदेशातली विक्री, नफा, कर्ज, तिच्या मालावर इतर देशांनी लावलेलं शुल्क, हे सगळं बहुतेकदा उघड कागदपत्रांत असतं, कारण या कंपन्या हाँगकाँग, शांघाय, शेन्झेनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. सरकारी आकड्यांवर मात्र विसंबू नये. चीनच्या बाह्य गुंतवणुकीतला निम्म्याहून अधिक भाग कागदोपत्री हाँगकाँगला जातो, आणि त्यातला काही फिरून चीनमध्येच परत येतो. ग्रेट वॉलची विक्री २०२० च्या आरंभी कशी होती हे आपल्या अधिकाऱ्यांनी समोर ठेवलं असतं, तर तळेगावच्या कामगारांना सामावून घेण्याची अट त्या करारात घालता आली असती. गलवानमुळे करार गोठला असताच, पण पुढच्या खरेदीदारासाठी तो पायंडा झाला असता. सुटे भाग किती वर्षांत किती टक्के इथे बनतील, चिनी तंत्रज्ञांना व्हिसा दिल्याच्या बदल्यात आयटीआयमधल्या किती मुलांना ते शिकवून जातील, भारतीय भागीदाराला नुसता नफा मिळेल की रेखाचित्रंही मिळतील, हे करारात लिहिलेलं असावं आणि करार विधिमंडळाच्या पटलावर यावा. सामंजस्य करारांचे आकडे समारंभात वाचून दाखवले जातात, त्यातल्या अटी कुणाला पाहायला मिळत नाहीत. चिनी कंपन्यांच्या बाबतीत तरी हे बदलायला महाराष्ट्राला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.